दुकानाचं वेब ॲप कशात बनवायचं?
बेळगावात उद्यमबागची फाउंड्री असो की रविवार पेठेतला होलसेलवाला, बिलिंगचं ॲप करायचं तर काल आलेल्या फ्रेमवर्कच्या (ॲप बांधायच्या तयार सांगाड्याच्या) नादी लागू नका. मी लागलो होतो, दोन वर्षांत ते बंद पडलं आणि सगळं परत लिहीत बसलो. आधी सपोर्ट किती वर्षं ते बघा, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रत्येक मेजर व्हर्जनला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात, जँगो हे फ्रेमवर्क तर २००५ पासून आहे, त्याचं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट असलेलं व्हर्जन) घेतलं की ३ वर्षं सिक्युरिटी अपडेट. डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल घेतलात तर अक्षरं साठवायची सेटिंग यूटीएफ८एमबी४ च ठेवा, आपल्याकडं एकाच बिलावर नाव मराठीत नि पत्ता कन्नडात असतोय, जुन्या लॅटिन सेटिंगात नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. आणि हो, बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, नुसता घेऊन ठेवू नका.