विश्रांतीथांब्यावर कीटक आणि निसर्गदृश्य पाहताना या चुका टाळा

लांबच्या प्रवासात पाय मोकळे करण्यासाठी बांधलेल्या थांब्यांवर बहुधा एखादी लहान बाग, थोडी हिरवळ, कुंपणाची झुडपे आणि जागा उंचावर असल्यास समोर मोकळी दरी किंवा डोंगररांग असते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्ते वापरण्याच्या नियमपुस्तिकेत, दर दोन तासांच्या ड्रायव्हिंगनंतर किमान १५ मिनिटे थांबावे अशी शिफारस आहे, आणि एवढ्या वेळात बागेतले पाच-सात प्रकारचे कीटक आणि समोरचे दृश्य अशा दोन्ही गोष्टी निवांत पाहून होतात. तरीही अनेक जण ‘इथे काहीच नव्हते’ असे म्हणत गाडीत परत बसतात. काहीच नव्हते असे क्वचितच असते. उभे राहण्याची जागा चुकलेली असते किंवा वेळ फिरण्यात संपलेला असतो.

सर्वांत देखण्या वाफ्यापाशी थांबणे

गाडीतून उतरल्यावर पावले आपोआप रंगीबेरंगी फुलांच्या मुख्य वाफ्याकडे वळतात, आणि कीटक पाहायचे असतील तर पहिली चूक तिथेच होते. शोभेच्या अनेक डबल, म्हणजे अनेकपदरी पाकळ्यांच्या, जातींमध्ये पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असते, त्यामुळे त्या फुलांत परागकण आणि मध नावापुरतेच उरतात आणि मधमाश्या त्यांच्यावर फारशा रेंगाळत नाहीत. त्याउलट एकेरी पाकळ्यांची साधी फुले, छत्रीसारख्या तुऱ्यांत येणारी बारीक पांढरी फुले, उष्ण प्रदेशांत सर्वत्र माजलेली घाणेरी आणि माळ्याची कात्री न पोहोचलेली कुंपणाची कड या जागा कीटकांनी गजबजलेल्या असतात. थांब्याची मागची बाजू, जिथे हिरवळ संपून रानगवत सुरू होते, ती पुढच्या आखीव बागेपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरते.

गळका नळ दिसला तर त्याच्या भोवतालची ओली माती अवश्य पाहावी. फुलपाखरे, विशेषतः नर, अशा मातीतून क्षार, मुख्यतः सोडियम, शोषून घेतात. याला चिखलपान म्हणतात. चिखलपानात रमलेले फुलपाखरू फुलावरच्या फुलपाखरापेक्षा बरेच जवळ येऊ देते.

बागेला फेरी मारणे

वेळ कमी म्हणून सगळी बाग भरभर पालथी घालावी, हा विचार तर्काला धरून वाटतो, पण परिणाम नेमका उलटा होतो. कीटकांच्या डोळ्यांना बारीक तपशील आपल्याइतके दिसत नसले तरी हालचाल फार चटकन कळते. चालत्या माणसाच्या पुढे पुढे कीटक उडत जातात आणि त्याला दिसते ते केवळ रिकामे झुडूप. एकच फुललेले झुडूप निवडून त्याच्यापासून हातभर अंतरावर तीन-चार मिनिटे स्थिर उभे राहिल्यास उडालेले कीटक परत येऊ लागतात. चतुरांच्या अनेक जाती तर त्याच काटकीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात, म्हणून चतुर उडाला की त्याच्या मागे धावण्याऐवजी काटकीवर नजर ठेवावी. भर उन्हात तो शेपटीचे टोक सरळ सूर्याकडे रोखून बसलेला दिसला, तर तो जखमी नसतो. अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून घेतलेला तो पवित्रा असतो.

आपली सावली झुडपावर पडू देणे ही याच चुकीची धाकटी बहीण. सूर्य पाठीशी ठेवण्याचा सल्ला फोटोसाठी ठीक असला, तरी सावली कीटकावरून सरकली की तो उडतोच. सूर्य बाजूला राहील असे उभे राहिल्यास दोन्ही साधते.

वेळेचाही विचार हवा. फुलपाखराला उडण्यासाठी अंग चांगले तापावे लागते, त्यामुळे गार सकाळी ती पंख पसरून उन्हात बसलेली असतात आणि त्या वेळी निरीक्षण सोपे जाते. दुपारी त्याच बागेत तीच फुलपाखरे एका जागी क्षणभरही ठरत नाहीत.

फक्त फुलांकडे पाहणे

फुले हा बागेचा एक भाग झाला; निम्म्याहून अधिक मजा पानांवर आणि पानांखाली असते. कीटक दिसत नसेल तेव्हा त्याच्या खुणा शोधाव्यात. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखा अर्धगोल तुकडा नाहीसा झालेला असेल, तर ते पाने कापून घरट्याला अस्तर लावणाऱ्या मधमाशीचे काम असते. पानाच्या आत पांढरट, नागमोडी रेघ दिसत असेल तर ती नागअळीची वाट. रेघ सुरुवातीला बारीक आणि पुढे रुंद होत जाते, कारण अळी खात खात वाढत असते, आणि रुंद टोकाशी पान उजेडात धरल्यास कधी कधी ती आतच बसलेली दिसते. खालच्या पानांवर मिरीच्या दाण्यांसारखी विष्ठा पडलेली असेल तर वर कुठेतरी सुरवंट आहे हे नक्की. मुंग्यांची रांग कोवळ्या शेंड्याकडे चढताना दिसली, तर शेंड्यावर बहुधा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक कीटक, असतो, कारण माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो.

माव्यापाशीच एक घोडचूक घडते. काळपट, काटेरी अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, चपळ अळी माव्यात फिरताना दिसली की पुष्कळ जण तिला कीड समजून झटकतात. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी असते आणि ती तिथे मावा खायलाच आलेली असते.

केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नये. अनेकांचे केस त्वचेत रुतून आग आणि पुरळ उठवतात, आणि सोबत मुले असतील तर हे आधीच सांगावे. झुडपांखाली मेलेले कीटक विखुरलेले असतील आणि औषधाचा उग्र वास येत असेल, तर नुकतीच फवारणी झालेली आहे असे समजून तिथून दूर जावे. अशा वेळी कीटक न दिसण्याचे कारण शोधत बसण्याची गरज नाही.

काळे-पिवळे पट्टे दिसले की मधमाशी समजणे

ओळखण्यातल्या चुकांपैकी ही सर्वांत जास्त आढळणारी आहे, आणि ती चूक आपल्या हातून व्हावी अशीच त्या कीटकाची रचना असते. सिरफिड माश्या डंख करू शकत नाहीत, पण मधमाश्या आणि गांधीलमाश्यांसारखे पट्टे अंगावर मिरवून त्या पक्ष्यांना चकवतात. निरुपद्रवी प्राण्याने घातक प्राण्याचे सोंग घेण्याच्या या प्रकाराचे स्पष्टीकरण इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडले होते. सोंग उघडे पाडायचे तर पट्ट्यांवरून नजर काढून डोक्याकडे न्यावी. सिरफिड माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात आणि मिशा इतक्या आखूड असतात की त्या असल्याचेही पटकन कळत नाही. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. माशीला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. हवेत एकाच बिंदूवर टांगल्यासारखी थांबून झटकन बाजूला सरकणारी बहुधा सिरफिड माशी असते. मागच्या पायांवर परागकणांचे पिवळे गोळे दिसले तर ती मधमाशीच. मात्र गोळे नाहीत म्हणून मधमाशी नाही, असे उलटे अनुमान काढू नये, कारण पाने कापणाऱ्या मधमाश्या पराग पोटाखालच्या केसांत वाहून नेतात.

भुंगेरे आणि ढेकण्या, म्हणजे ढेकणाच्या गटातले कीटक, यांची गफलत त्या खालोखाल येते. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कठीण झाकणांसारखे असून पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. ढेकण्यांमध्ये ते एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे पाठीवर फुलीसारखी आकृती आणि खांद्यांमध्ये त्रिकोण दिसतो. चतुर आणि त्याच्यासारखाच दिसणारा टाचणी हा कीटक यांच्यातला फरक सोपा आहे: चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा मिटून बसते, आणि टाचणीचे डोळे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात. फुलपाखरू आणि पतंग यांच्या बाबतीत मात्र पंख कसे ठेवले आहेत यावर भिस्त ठेवू नये. टोकाशी गुंडी असलेल्या मिशा बहुधा फुलपाखराच्या, तर धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या मिशा पतंगाच्या असतात. आठ पायांचा कोळी कीटक नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते, तरी कीटकांच्या यादीत तो हमखास घुसतो.

मोबाइलवरील ॲपने सुचवलेले पहिले नाव डोळे मिटून स्वीकारणे हीही आता नेहमीची चूक झाली आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, ठरण्यासाठी तारीख, ठिकाण आणि पुरावा असावा लागतो आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचे एकमत व्हावे लागते. ॲपची सूचना ही त्या प्रक्रियेची केवळ सुरुवात असते. आतापर्यंत वर्णन झालेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख आहेत, तेव्हा जातीपर्यंत न जाता कुळापर्यंत किंवा प्रजातीसमूहापर्यंत थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

वाहनतळ आणि भिंती वगळणे

कीटक केवळ झाडांवर असतात हा समज सोडावा. रात्रभर दिवा जळलेल्या स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर सकाळी लवकर पतंगांचे जे प्रदर्शन भरलेले असते, ते बागेत शोधून सापडणार नाही. पतंग दिव्याकडे ओढले जातात असे आपण म्हणतो, पण २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवू पाहतात. आकाश वर असताना ही सवय उपयोगी पडते, दिव्याजवळ मात्र त्यामुळे ते गोल गोल फिरत अडकून पडतात. ऊन चढले की पक्षी या भिंतीवर ताव मारतात, म्हणून ती पाहायची तर सकाळी.

उभ्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवर चतुर वारंवार शेपटी टेकवताना दिसला, तर त्याला गाडी आवडली असे समजू नये. तो पाणी समजून अंडी घालत असतो. सपाट, गडद, गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच आडवा ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेत कंप पावतात, आणि पाण्यात वाढणारे अनेक कीटक पाणी याच खुणेवरून ओळखतात. मेफ्लाय हे त्यांपैकीच एक कीटक कोरड्या डांबरी रस्त्यावर झुंडीने अंडी का घालतात याचे हेच कारण हंगेरीतील संशोधकांनी १९९८ मध्ये मांडले. अशी अंडी वाळून मरतात. गाडी सावलीत लावण्याचा किंवा बॉनेटवर कापड टाकण्याचा पर्याय असेल तर तो घ्यावा.

फोटो धूसर येतात तेव्हा

मोबाइल कीटकाच्या अगदी नाकाशी नेला की फोकस लागत नाही, कारण प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर लागते. मॅक्रो मोड नसल्यास थोडे मागे राहून फोटो काढावा आणि नंतर कापून मोठा करावा. एकच सुंदर फोटो काढण्यापेक्षा वरून, बाजूने आणि समोरून असे तीन साधे फोटो ओळखीसाठी अधिक कामाचे असतात, आणि कीटक ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा चौथा फोटो बहुतेक जण विसरतात. भिंग जवळ नसेल तर दुर्बीण उलटी धरून तिच्या डोळ्याकडच्या भिंगातून अगदी जवळची वस्तू पाहावी. ती उत्तम भिंगाचे काम देते.

दूरच्या डोंगरांचे फोटो लाटांसारखे थरथरलेले येत असतील, तर कॅमेऱ्यावर ठपका ठेवण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. तापलेल्या डांबरावरून आणि गाड्यांच्या टपांवरून उठणारी गरम हवा प्रकाश वाकडा करते आणि झूम जितका जास्त तितका हा दोष ठळक होतो. वाहनतळ ओलांडून कठड्यापाशी गेल्यास तो पुष्कळ कमी होतो. दृश्य निळसर आणि फिके दिसणे हा वेगळा प्रश्न आहे. तो मधल्या हवेतल्या विखुरलेल्या प्रकाशाचा परिणाम असल्याने झूमने सुटत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन किंवा पाऊस पडून गेल्यानंतरची हवा यांनीच तो सुटतो. भर दुपारी पोहोचलात तर दरीचा फोटो सोडून कीटकांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीच्या बाजूच्या काचेतून पोलरायझर, म्हणजे ठराविक दिशेत कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा फिल्टर, लावून फोटो काढू नये, कारण काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण रंगीत डागांच्या रूपाने फोटोत उतरतो.

चौकटीत दृश्य बसवण्यासाठी न पाहता मागे सरकणे ही फोटोची नव्हे, जिवाची चूक आहे. महामार्गाच्या कडेची पट्टी आणीबाणीसाठी असते, तिच्यावर दृश्य पाहण्यासाठी थांबू नये. थांबा पुढे असतोच.

निघताना

गाडीत मधमाशी किंवा गांधीलमाशी शिरली तर चालत्या गाडीत हात झटकू नयेत. सुरक्षित जागी थांबून सर्व काचा खाली कराव्यात, ती स्वतःच बाहेर जाते. फांदी, कोष किंवा ‘घरी वाढवू’ म्हणून डबीत घेतलेली अळी सोबत नेऊ नये. तिचे खाद्यझाड नव्या जागी नसेल तर ती उपाशी मरते आणि असेल तर ती तिथली कीड होऊ शकते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये प्रथम सापडलेला स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा आशियाई कीटक तेव्हापासून अनेक राज्यांत पोहोचला, आणि वाहनांवर व सामानावर चिकटलेली त्याची अंडी हे त्या प्रसाराचे एक मोठे कारण आहे. ती अंडी वाळलेल्या राखाडी चिखलाच्या डागासारखी दिसतात. म्हणून झाडाखाली बराच वेळ उभी राहिलेली गाडी काढण्यापूर्वी चाकांच्या कमानी, बंपरची खालची बाजू आणि टपावरचे सामान यांवरून एकदा नजर फिरवावी, आणि चिखल नसलेल्या ठिकाणी चिखलाचा डाग दिसल्यास फोटो काढून तिथल्या कृषी विभागाला कळवावे.