कंपोझिट बीम शिकवण्याची सुरुवात सरकाव मोजण्यापासून करावी

कंपोझिट बीममध्ये पोलादी गर्डर आणि त्यावरचा काँक्रीट स्लॅब एकजीव होऊन भार पेलतात, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. परंतु वाकताना ते एकमेकांवरून सरकू पाहतात आणि शिअर कनेक्टर (गर्डरला जोडलेले आणि स्लॅबच्या काँक्रीटमध्ये रुतलेले पोलादी तुकडे) हा सरकाव रोखण्यासाठीच असतात, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढची गणिते पोकळ राहतात. विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही हे दाखवता येते, आणि पुढे त्यावर संशोधनही करता येते.

पहिल्या तासाला आरागिरणीतून सारख्या मापाच्या, सुमारे १२ मिमी जाडीच्या आणि सव्वा मीटर लांबीच्या दोन फळ्या आणाव्यात. एकीवर एक ठेवून टोकांखाली आधार द्यावा, दोन्ही टोकांजवळ आणि मध्यभागी, कडेवर पेन्सिलीने उभ्या रेषा ओढाव्यात आणि मध्यावर १५-२० किलो वजन ठेवावे. टोकांजवळच्या रेषा जोडावर तुटलेल्या दिसतात, मधली मात्र अखंड राहते. मग त्याच फळ्या स्क्रूने जवळजवळ जोडून तेच वजन ठेवावे. सरकाव पूर्ण थांबला तर ताठरता चौपट आणि ताकद दुप्पट होते, असे गणित सांगते. प्रत्यक्षात झोल चतुर्थांशावर येत नाही, कारण स्क्रूही थोडे सरकू देतात. आंशिक संयोग, म्हणजे सरकाव पूर्ण न थांबणारी जोडणी, शिकवण्याची खरी जागा हीच आहे, त्यामुळे या फरकाला चूक समजून पुढे जाऊ नये.

त्यानंतर पुश-आउट चाचणीकडे वळावे. यात पोलादी आय-सेक्शनच्या दोन्ही फ्लँजना (I आकाराच्या टोकांकडील पट्ट्यांना) कनेक्टर जोडून दोन स्लॅब ओततात आणि वरून पोलादावर दाब देऊन सरकाव मोजतात. नमुन्याचे माप ठरवण्यापूर्वी यूटीएमची (नमुन्यावर दाब किंवा ताण देणाऱ्या चाचणी यंत्राची) क्षमता आणि दाब देण्याच्या जागेची मोकळी उंची स्वतः मोजून घ्यावी. हेडेड स्टड (डोके असलेले खिळ्यासारखे कनेक्टर) लावण्यासाठी खास वेल्डिंग यंत्र लागते; ते नसेल तर चॅनेलचे (C आकाराच्या पोलादी सेक्शनचे) तुकडे कनेक्टर म्हणून घ्यावेत, कारण ट्रॉल्या बनवणारा गावातला कुशल वेल्डर साध्या आर्क वेल्डिंगने ते जोडू शकतो. वेल्डवरची खपली (स्लॅग) काढून प्रत्येक जोड शिक्षकाने स्वतः तपासावा.

स्लॅब आडवेच ओतावेत. उभे ओतल्यास कनेक्टरखाली पाणी व हवा साचून तिथले काँक्रीट कमकुवत होते. दोन्ही बाजू एकाच मिश्रणाच्या हव्या असतील तर सेक्शन दोन टी-तुकड्यांत कापून दोन्ही एकाच दिवशी ओतावेत आणि नंतर वेब (फ्लँजना जोडणारी मधली पट्टी) जोडावे. काँक्रीट ओतण्यापूर्वी फ्लँजला ग्रीस लावणे विसरू नये, अन्यथा पोलादाची नैसर्गिक चिकटही कनेक्टरच्या खात्यात जमा होते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा ४०° से.च्या वर गेली की उष्ण हवामानातील काँक्रीटची खबरदारी लागू होते. शक्य असल्यास ओतकाम दिवाळीनंतर करावे. मे महिना टळत नसेल तर पहाटे ओतून ओले गोणपाट घालावे. काँक्रीटची ताकद तपासण्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, टाकीत न ठेवता नमुन्याशेजारीच ठेवावेत. टाकीतला क्यूब पाण्यात मुरत राहतो आणि नमुन्यातील काँक्रीटची खरी ताकद सांगत नाही.

युरोकोड ४ (कंपोझिट बांधकामाची युरोपीय संहिता) च्या पद्धतीनुसार अपेक्षित भाराच्या ५ ते ४० टक्क्यांदरम्यान २५ आवर्तने द्यावीत आणि नंतर नमुना १५ मिनिटांच्या आत मोडणार नाही इतक्या संथ गतीने भार वाढवावा. कमाल भार गाठल्यावर मशीन बंद करण्याचा मोह आवरावा: भार २० टक्के उतरेपर्यंत सरकाव मोजणाऱ्या डायल गेजचे वाचन चालू ठेवावे, कारण वैशिष्ट्यपूर्ण सरकाव (चाचण्यांवरून ठरवलेली, सुरक्षिततेसाठी थोडी कमी धरलेली सरकाव-क्षमता) किमान ६ मिमी भरला तरच कनेक्टर तन्य (डक्टाइल), म्हणजे न तुटता पुरेसा सरकू देणारा, ठरतो. नमुने तीन असावेत आणि कोणताही निकाल सरासरीपासून १० टक्क्यांहून अधिक दूर नसावा.

वर्गातील टिपणे आयएस ११३८४ या कंपोझिट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९८५ च्या आवृत्तीवर बेतलेली असतील तर ती बदलावीत. २०२२ ची सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे. प्रयोगाच्या वहीत विद्यार्थ्याने भार-सरकाव आलेख स्वतःच्या हाताने काढावा, आणि स्लॅब फोडून कनेक्टर वाकला, वेल्ड सुटले की काँक्रीट चिरडले, हे छायाचित्रासह त्याच पानावर नोंदवावे.