एकच वाट, वीस फेऱ्या: वसंतात गावच्या रानात फिरायला कसं जावं

कोकणातला वसंत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आंब्याचा मोहोर येतो आणि मग थेट पेटी. मधलं सगळं रानात घडतं, आणि ते बघायला फारसं कुणी जात नाही. शिमगा आटोपला की ऊन तापायला लागतं आणि "आता कसलं रान, सगळं सुकलंय" म्हणून माणसं पंख्याखाली बसतात. खरं तर आमच्याकडे पानगळ आणि पालवी एकाच वेळी चाललेली असते. एका झाडाखाली सुक्या पाल्यात पाय घोट्यापर्यंत बुडतो आणि शेजारच्या झाडाला तांबडीलाल कोवळी पानं फुटलेली असतात.

मी मालवण तालुक्यात राहते. फाल्गुनापासून वैशाखाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा रानात जाते. पहिल्या वर्षी दर वेळी नवी वाट धरायचे. मोबाइल फोटोंनी भरला, पण कुठल्या झाडाचं पुढे काय झालं ते विचाराल तर एकाचंही सांगता आलं नसतं. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: नव्या वाटा शोधत बसू नका. एक वाट धरा आणि तीच वीस वेळा चाला.

वाट कशी निवडायची

घरातून चालत निघता येईल अशीच वाट घ्या. त्यासाठी गाडी काढावी लागली की तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद पडतं, हे अनुभवाने सांगते. जाऊन-येऊन अडीच-तीन किलोमीटर पुरे. त्यात थोडा कातळसडा (जांभ्याचा उघडा माळ), एखादा व्हाळ (ओढा) आणि दाट झाडीचा एक तुकडा असेल तर उत्तम. व्हाळ हवाच. मार्चमध्ये तो आटत जातो, मग एखाद्या कोंडीत (खोलगट डबक्यात) तेवढं पाणी उरतं आणि आसपासचे पक्षी तिथेच उतरायला लागतात. एप्रिलमध्ये अशा कोंडीपासून वीस पावलांवर गप्प बसलात तर फिरण्यापेक्षा जास्त दिसतं.

दाट झाडी बहुतेक गावांत देवराईतच उरली आहे. तिथे जायचं तर आधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा. कुठे चपला बाहेर काढायच्या असतात, कुठे ठरावीक दिवशी आत जायचं नसतं. प्रत्येक गावाची रीत वेगळी. आमच्या गुरवकाकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाये, रायतली सुकी काडी पण भायर न्हेव नको हां." त्यामागचं देवाचं भय तुम्ही मानत असा वा नसा, काडी उचलायची नाही. ती कुजते, तिच्यावर अळंबी येते, मुंग्या राहतात. राई टिकली आहे ती याच धाकावर.

आणखी एक, जे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही: मार्च ते मे काजूचा हंगाम असतो. दुसऱ्याच्या काजूबागेतून पाठीला पिशवी लावून सकाळी सहाला फिरणारा माणूस निसर्गप्रेमी आहे असं कुणालाही वाटत नाही. वाट बागेतून जात असेल तर मालकाला एकदा भेटून सांगा, "अमुक अमुक वारी सकाळी येते हां मी." रानडुकरांसाठी काही बागांना झटका मशीनच्या (विजेचा झटका देणाऱ्या) तारा ओढलेल्या असतात, त्याही तेव्हाच विचारून घ्या. रुळलेली वाट सोडून झाळीत घुसू नका. डुकरांसाठी कुणी चोरून फासकी (फास) लावलेली असू शकते. दिसली तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे.

किती वाजता, काय घालून

मार्चच्या शेवटी आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. उजाडता उजाडता वाटेला लागा आणि साडेआठला घरी या. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. दिवस चढला की तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. या दोन्हींच्या मधला जो तास-दीड तास असतो त्यात रानात पान हलत नाही आणि माणूस उकडून निघतो. एखाद्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा येतो आणि मार्चमध्येच पारा चाळिशीकडे जातो. किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, कारण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. तसा इशारा असेल त्या दिवशी फेरी चुकवा, काही बिघडत नाही.

माणशी एक लिटर पाणी घ्या. पन्हं, कोकम सरबत परत आल्यावर. पायात बूट आणि जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि लांब पँट, मोज्यांत खोचलेली. दिसायला बावळट दिसतं, पण का ते पुढे येईलच. हातात काठी हवी. सुक्या पाल्याखाली जांभ्याची खडी असते, उतारावर पाय सटकतो. शिवाय काठी आपटत चाललं की साप आधीच बाजूला होतात.

पहिल्या फेरीत झाडं ठरवा

वाटेवरची सात झाडं निवडा. जास्त नकोत, लक्षात राहत नाहीत. नावं माहीत नसतील तर गुरं चारणाऱ्या बाईला किंवा गवंड्याच्या हाताखालच्या कुणालाही विचारा. आमच्या पिढीपेक्षा त्यांना झाडं जास्त कळतात. अॅप वापरायचं तर वापरा, पण ते गावातलं नाव सांगत नाही, आणि गावातल्या नावातच त्या झाडाचा उपयोग कळतो.

माझी सात झाडं सांगते, म्हणजे अंदाज येईल: काटेसावर, कोशिंब, ऐन, कुंभा, अंजनी, करवंदाची जाळी आणि राईतला एक जुना बेहडा.

काटेसावर शिमग्याच्या आसपास निष्पर्ण उभी असते आणि फांद्यांवर नुसती तळहाताएवढी लाल फुलं. त्यांत मध इतका की साळुंक्या, कावळे, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे एकाच फांदीवर भांडतात. फुलं धप्प आवाज करत पडतात. पण तीच सावर वैशाखात पाहा: बोंडं उकललेली आणि सड्यावर कापूस तरंगतोय. एकदाच गेलेल्या माणसाला ही दोन वेगवेगळी झाडं वाटतील.

कोशिंब मला पहिल्या वर्षी चांगलीच फसवून गेली. व्हाळापलीकडे लाल झाड दिसलं म्हणून मी वहीत "पळस फुलला" असं लिहून मोकळी झाले. चार दिवसांनी जवळ गेले तर फुलं कुठली, ती पानं होती! कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं, तोवर तांबडं रंगद्रव्य वरचढ असतं. पुढच्या दोनेक आठवड्यांत लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पोपटी असा रंग उतरत जातो. पळसही जवळच होता, पण त्याची फुलं केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखी. आता चूक होत नाही.

कुंभा मात्र लवकर उठणाऱ्यासाठीच आहे. त्याची फुलं संध्याकाळनंतर उमलतात, रात्री वटवाघळं येऊन जातात आणि सकाळी खाली सडा. एक उचलून तळहातावर घ्या, पडलेलं फूल आहे, हरकत नाही (राईत मात्र तेही नाही). पांढरट पाकळ्या चार, आणि मधे पुंकेसरांचा झुबका, दाढीच्या ब्रशासारखा, बुडाशी लालसर. नऊ वाजता त्याच फुलाचा चोथा झालेला असतो.

अंजनी वर्षभर साधं हिरवं झुडूप असतं, कुणी ढुंकून बघत नाही. मग मार्च-एप्रिलात कधीतरी जुन्या फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ लगडतात, जणू कुणी फांदीला निळा गुलाल चोपडलाय. माश्यांचा घूं आवाज दहा पावलांवरून येतो. हा बहर थोड्याच दिवसांचा. मंगळवारी गेलात आणि पुढच्या मंगळवारीच आलात, तर हुकलाच म्हणून समजा. आठवड्यातून दोनदा जा म्हणते ते याचसाठी.

करवंदाचं वेगळं सांगायला नको. आधी पांढरी फुलं, मग लोणच्याची हिरवी, एप्रिलअखेरीपासून काळी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यावरून तो बिनपानांचाही ओळखता येतो. तुमच्या वाटेवर सुरंगी असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. तिच्या कळ्या थेट फांदीला फुटतात आणि वास आधी येतो, झाड मागाहून दिसतं. पण सुरंगी बहुतेक कुणाच्या तरी मालकीची असते, वेंगुर्ल्याकडे तिच्या वळेसरांवर (गजऱ्यांवर) घरं चालतात. वास घ्या आणि पुढे व्हा.

बेहड्यावर मी का थांबते? त्याच्या खोडात उंचावर एक ढोली आहे आणि तिथे ककणेराची जोडी येते. आमच्याकडे काहीजण त्याला गरुडच म्हणतात. पुस्तकात तो मलबारी कवड्या धनेश. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक उभी चीर ठेवते. पुढचे दोन-अडीच महिने नर त्या चिरेतून तिला आणि पिलांना भरवतो, उंबराची आणि पायरीची फळं मुख्यतः. नर तुम्हाला बघून बिचकला आणि घास न देताच फिरला, तर आतल्यांची उपासमार. म्हणून घरट्याच्या झाडाखाली थांबायचं नाही. लांबून, आडोशाने, पाच-दहा मिनिटं बघायचं आणि निघायचं. जागा कुणाला सांगायची नाही, फोटोही टाकायचा नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

जपायचं कशाला

बिबट्याला सगळे घाबरतात. मी त्याच्यापेक्षा गोचिडाला जास्त घाबरते. २०१६पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार पहिल्यांदा १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो आणि हंगाम नेमका डिसेंबर-जानेवारी ते मे. म्हणून ते मोज्यांत खोचलेले पाय. पाल्यात बसू नका, कातळावर बसा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी बघा. गोचीड चिकटलेलं असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी असले उद्योग नकोत. पुढच्या आठवड्याभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना "मी रानात जाते" हे आठवणीने सांगा.

सड्यावर फुरसं (छोटा विषारी साप) असतं. जेमतेम हातभर लांब, दगडाखाली किंवा कातळाच्या भेगेत. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून सर्रर आवाज करतं. बघितल्याशिवाय दगड उचलू नका आणि हात टेकू नका. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. तो अवयव न हलवता १०८ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास फार महाग पडतो.

हुमल्यांची (झाडावरच्या मुंग्यांची) गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येते, निदान आता तरी. दोन वर्षांपूर्वी मी कोंडीवर बसताना काठी आंब्याच्या फांदीला टेकवून ठेवली. फांदीवर पानं शिवून केलेलं हुमल्यांचं घरटं होतं, ते मी पाहिलंच नाही. मग त्या तांबड्या मुंग्या काठीवरून खाली आल्या, उठताना मी काठी हातात घेतली, आणि पुढची दहा मिनिटं रानात जो नाच केला तो सुदैवाने कुणी बघितला नाही. खाजकुइलीच्या सुक्या शेंगाही याच दिवसांत वाटेवर लोंबतात. त्यांची कूस (खाजरी लव) अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचटून काढा.

या दिवसांत रान काडीपेटीसारखं असतं. विडी-सिगरेट घरी ठेवून या. शेतातली भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा जाळणं) आणि पेटलेला वणवा यांतला फरक ओळखायला शिका: भाजावळीपाशी माणूस उभा असतो. माणूस नसेल आणि धूर रानाकडे सरकत असेल तर विझवायला एकट्याने धावू नका, गावात आणि १९२६ला कळवा.

वही

प्रत्येक फेरीला अर्धं पान. तारीख, वेळ, आणि सात झाडांपुढे एकेक ओळ: "कोशिंब – शेंडे लाल, खालची पानं पोपटी." "कोंड – पाणी घोट्याएवढं." पहिला पावशा पक्षी कधी ऐकला, पहिलं पिकलं करवंद कधी. कविता नको, नंतर स्वतःलाच वाचवत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच आठवड्याचं पान उघडून मगच वाटेला लागा. माझी अंजनी गेल्या वर्षी आधीच्या वर्षापेक्षा अकरा दिवस आधी फुलली, आणि वहीत लिहिलं नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की ती नेहमीच्याच वेळेला आली.

मेच्या मध्यावर शेवटची फेरी करा. पहिला पाऊस पडला की वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या डब्यात ठेवा. कपाटात ठेवलीत तर श्रावणापर्यंत बुरशी धरते. माझ्या पहिल्या वहीतलं कुंभ्याचं पान तसंच गेलं.