रॅम घेताना नुसता मोठा आकडा पाहू नका

पुण्यातल्या तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा, आधी मदरबोर्डचं नेमकं मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याची क्यूव्हीएल, म्हणजे तपासून पाहिलेल्या रॅमची यादी, उघडा. किटचा, म्हणजे एकत्र मिळणाऱ्या रॅमच्या संचाचा, पूर्ण पार्ट नंबर तिथे सापडला की निम्मी काळजी मिटते.

वेगासोबत सीएल, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक सायकल घेते तो आकडा, बघाच. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो: डीडीआर५ पिढीच्या, ६००० वेगाच्या सीएल३० रॅमचा १०, तर ६४०० सीएल४० चा १२.५. विलंब जितका कमी तितका चांगला. दुकानदार दुसरीच पुढे करेल, कारण पाकिटावर आकडा मोठा आहे. एएमडीच्या रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसरसाठी मी तरी एक्स्पो प्रोफाइलची (म्हणजे पाकिटावरच्या वेगाची तयार सेटिंग रॅममध्येच साठवलेली) ६००० सीएल३० च सुचवेन. इंटेलसाठी एक्सएमपी हे तसंच प्रोफाइल असलेली घ्या.

६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन स्टिक घ्या, १६ च्या चार नकोत. चार लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन ७००० वर चार स्टिकना एएमडीची अधिकृत मर्यादा फक्त ३६०० आहे. ‘नंतर अशीच अजून एक जोडी घेऊ’ हा विचारही सोडा, त्याच नावाच्या किटमध्ये आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ते प्रोफाइल सुरू करा, नाहीतर ६००० चे पैसे देऊन मशीन ४८०० च्या आसपासच चालत राहील. त्यानंतर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर पॉवर बंद करू नका. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मशीनची रॅमशी जुळवाजुळव, चालू असतं.