धावपट्टीपर्यंतची वाट: टॅक्सी करताना या चुका टाळा

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपाहून हैदराबादला निघालेल्या एका प्रवासी विमानाने धावपट्टीऐवजी तिला समांतर असलेल्या टॅक्सीवेवरच (विमान जमिनीवर चालवत नेण्याच्या, म्हणजे टॅक्सी करण्याच्या वाटेवरच) उड्डाणासाठी वेग घ्यायला सुरुवात केली. टॉवरच्या (हवाई वाहतूक नियंत्रकांच्या) लक्षात आलं आणि विमान वेळेत थांबवलं गेलं. एवढी मोठी चूक होतेच कशी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ती होऊ शकते, कारण समांतर टॅक्सीवेची दिशा धावपट्टीचीच असते. होकायंत्रावर आकडा बरोबर येतो. ज्या तपासणीवर शिकाऊ वैमानिक सगळी भिस्त ठेवतात, नेमकी तीच इथे उपयोगाला येत नाही.

म्हणून रंग पाहा. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. रात्री टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, मध्यरेषेचे हिरवे. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे. नाकासमोर दूरवर सरळ हिरव्या दिव्यांची रांग दिसत असेल तर तुम्ही धावपट्टीवर नाही. धावपट्टीच्या तोंडाशी लांब पांढरे पट्टे असतात (४५ मीटर रुंदीला बारा) आणि त्यापुढे मोठा क्रमांक, उदाहरणार्थ गोव्याच्याच दाबोळी विमानतळावर ०८ किंवा २६. मधल्या फाट्यावरून शिरलात तर हा क्रमांक समोर येणार नाही. तिथे कडेची लाल पाटी वाचूनच आत जायचं. आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) लावलेलं असेल तर लोकलायझरची, म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी सुई मधोमध हवी. टॅक्सीवेवर ती बाजूला गेलेली दिसते. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी दोन्ही वैमानिकांनी या खुणा एकमेकांना मोठ्याने सांगाव्यात.

दुसरी चूक धावपट्टीआधीच्या थांब्याच्या रेषेची. या खुणेत चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा तुमच्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय चाक पुढे टाकायचं नाही. तुटक रेषा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर येताय, आणि इथे उलटी चूक होते: नाक बाहेर आलं की विमान थांबवतात, शेपूट मात्र रेषेच्या आत राहते. अख्खं विमान रेषेपलीकडे गेल्याशिवाय धावपट्टी मोकळी झालेली नसते. लाल स्टॉप बार (थांब्याच्या रेषेवरची लाल दिव्यांची आडवी रांग) पेटलेला असेल तर तोंडी परवानगी मिळाली तरी तो ओलांडू नका. आधी टॉवरला विचारा.

परवानगी ऐकताना मन आपल्याला हवं तेच ऐकतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘तुमचा क्रमांक पहिला’ असं सांगून थांब्याच्या रेषेपर्यंतच यायला सांगितलं होतं. ते धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि उतरणारं ए३५० प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. त्यातले ३७९ जण वाचले, छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. रांगेतला नंबर म्हणजे परवानगी नव्हे. ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीच्या अलीकडे थांबा) हे शब्द धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवायचे. नुसतं ‘रॉजर’ (ऐकलं) हा रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, नाही. दाबोळीला, जिथे टॉवर नौदलाचा आणि नौदलाची विमानंही ये-जा करतात, हे अधिकच जपावं.

आता वेग. कॉकपिटच्या उंचीवरून जमीन संथ सरकताना दिसते, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज चुकतो. पडद्यावरचा ग्राउंड स्पीड वाचावा. ए३२० या प्रवासी विमानासाठी सरळ वाटेवर जास्तीत जास्त ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, आणि काटकोनी वळणावर १० नॉट. कार्बन ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवणं ही हमखास होणारी चूक. वेग ३० पर्यंत जाऊ द्या, एकदाच दाबून १० वर आणा, सोडा. ब्रेक ३०० अंश सेल्सियसच्या वर तापले तर उड्डाण लांबवायचं, कारण आत घेतलेल्या चाकांजवळ हायड्रॉलिक तेल गळलं तर पेट घेऊ शकतं. तापलेल्या चाकाकडे समोरून किंवा मागून जावं, बाजूने कधीच नाही. फुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात.

गोव्याच्या पावसात रंगवलेल्या पट्ट्या गुळगुळीत होतात. टिलर (पुढचं चाक वळवण्याचा दांडा) वळवूनही नाक सरळच जात असेल तर पुढचं चाक घसरतंय. अशा वेळी टिलर आणखी वळवला की पकड आणखी सुटते. तो थोडा सरळ करा, हलके ब्रेक लावा, पकड आली की मग वळा. मुळात वेग वळणाच्या आधीच कमी झालेला हवा.

ए३२० च्या पंखांचा विस्तार शार्कलेट (पंखांची वर वळलेली टोकं) धरून ३५.८ मीटर. अडथळ्याजवळून ‘जाईल बहुतेक’ असं मनात आलं की थांबा आणि पंखाच्या टोकाशी माणूस मागवा. थोडा उशीर परवडतो, वाकलेला पंख परवडत नाही.

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करण्याच्या जागेवर काम करणाऱ्यांसाठी, मग ते पेडण्याचे असोत की वास्कोचे, विमानावरचा लाल बीकन (फिरता दिवा) हा सगळ्यात मोठा इशारा आहे. तो फिरतोय तोवर इंजिन चालू आहे किंवा कधीही चालू होईल असंच धरायचं. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत पुशबॅकनंतर (विमान मागे ढकलून बाहेर काढल्यावर) एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. इशारा नीट समजून न घेता विमान पुढे हललं होतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: टोबार (विमान ढकलण्याचा दांडा) सुटला, बायपास पिन (ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी) काढली, हेडसेट निघाला, माणसं मोजली, सगळे लांब गेले, लाल फीत असलेली पिन वर धरून वैमानिकाला दाखवली, आणि मगच अंगठा. अंगठा दिसला नाही तर वैमानिकाने ब्रेक सोडायचा नाही, मागे कितीही विमानं थांबलेली असोत.

वाट चुकलात तर पार्किंग ब्रेक लावून टॉवरला सांगा. अंदाजाने पुढचं वळण घेऊ नका. चुकून धावपट्टीवर आला असाल तर मात्र तिथे थांबू नका, आधी बाहेर पडा. रेडिओ बंद पडला तर थांब्याची रेषा न ओलांडता टॉवरकडे पाहा: स्थिर लाल दिवा म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टीपासून दूर व्हा, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, लुकलुकता पांढरा म्हणजे जिथून निघालात तिथे परत जा.