काळी वावराची, पांढरी घराची

चोपडा तालुक्यात मामांच्या शेतावर मी बांधलेली पहिली मातीची भिंत एक पावसाळाही टिकली नाही. पाच वर्षांचं बी.आर्क., कौन्सिलची नोंदणी आणि दक्षिणेतली दहा दिवसांची कार्यशाळा एवढं तेव्हा गाठीशी होतं. खानदेशात मातीच्या घरांचं काम करू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मातीच्या भिंतीला उंच जोतं आणि रुंद वळचण लागते, हे तुम्हाला ठाऊकच असणार. मी मातीबद्दलच बोलणार आहे, कारण मी तिथेच फसले.

कार्यशाळेत शिकवलं होतं की जागेवरचीच माती वापरा. बाटलीत माती आणि पाणी ढवळून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, मग गाळ, शेवटी चिकणमाती. थर मोजा आणि वाळू कमी असेल तर घाला. मी अगदी तसंच केलं. पायाच्या खोदाईतली काळी माती घेतली, चिकणमाती जास्त निघाली म्हणून वाळू मिसळली, गव्हाचा भुसा घालून तुडवली. फेब्रुवारीत कच्च्या विटा पाडल्या, एप्रिलमध्ये भिंती उभ्या केल्या. मे महिन्यात भिंतीत बोट जाईल अशा भेगा पडल्या. जुलैत लिंपण फुगून पापुद्र्यांनी गळालं. ऑगस्टमध्ये दार चौकटीत अडकायला लागलं, कारण पायाखालची जमीनच उचलली गेली होती. मामा एक शब्द बोलले नाहीत. मामींनी भेगेवर खताची रिकामी गोणी टांगली. ती गोणी मला अजून दिसते.

आता हे नीट समजून घ्या. बाटली चिकणमाती किती आहे ते सांगते, कोणती आहे ते सांगत नाही. कार्यशाळेतली लाल माती मुख्यतः केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाची होती. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी मध्ये शिरत नाही. आपली कापसाची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे दुसरं खनिज भरलेलं. पाणी त्याच्या थरांमध्ये घुसतं आणि माती फुगते, उन्हात पाणी उडतं आणि ती आकसते. दोन मातींचे बाटलीतले थर सारखे दिसतील, भिंती मात्र अजिबात सारख्या वागणार नाहीत. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. तीच भेग माझ्या भिंतीत येणार, हे मला सुचलं नाही.

म्हणून बाटलीवर थांबू नका. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्या. १०० मिलीच्या दोन मोजपात्रांपैकी एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल घेऊन त्यांत ती टाका आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के जास्त जागा घेते ते काढा. हा आकडा ५० च्या वर गेला तर माती अतिशय फुगणारी आहे, ती भिंतीला तशीच लावू नका. दुसरी चाचणी पेटीची: ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ४ खोल लाकडी पेटी आतून तेल लावून ओल्या मातीने भरा, पूर्ण वाळू द्या आणि किती आकसली ते मोजा. खर्च जवळजवळ नाहीच. मी या दोन्ही तेव्हा केल्या असत्या तर मामांचे पैसे वाचले असते.

भिंत पाडताना अमळनेरकडचे एक म्हातारे गवंडी आले होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी ढेकूळ हातात चुरडलं आणि म्हणाले, “माय, हाई माटी वावरनी शे, घरनी नही.” शेत म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी, हे मी सातबाऱ्याच्या बोलण्यात ऐकलं होतं, पण त्यात बांधकामाचं ज्ञान आहे हे पहिल्यांदा कळलं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर पसरायची ती पांढरी माती, जुन्या पडक्या भिंतींची, राखेची, कमी फुगणारी. पण सावध राहा: पांढरीची उंच टेकाडं उकरू नका. तापीकाठचं प्रकाशा आणि गिरणेकाठचं बहाळ इथल्या अशाच टेकाडांत १९५० च्या दशकात उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्त्या सापडल्या. एक ट्रॉली माती म्हणजे तीन हजार वर्षांचा पुरावा असू शकतो. मामांच्या दुसऱ्या भिंतीसाठी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याची मुरुमाड माती आणली. काळीच वापरायची असेल तर चुना मळा, सहा ते आठ टक्के, आणि मिश्रण मुरू द्या. चुन्याने मातीचा चिकटपणा आणि फुगणं कमी होतं. पण मग भिंत महिनाभर ओलसर ठेवावी लागते, इथे घाई चालत नाही.

पायाचं थोडक्यात: काळ्या थरात थांबू नका, मुरूम लागेपर्यंत उतरा. तापीकाठी तो फार खोल असेल तर भू-तंत्र अभियंत्याला विचारा, लाजू नका.

भूकंपाबद्दल मात्र मी कठोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं कशाखाली गेली ते वाचा. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. आपलं धाबं त्याचंच भावंड आहे. ‘परंपरा आहे’ म्हणून जड छत जसंच्या तसं उचलू नका. जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वरच्या कडेला) आणि छताच्या पातळीला सगळ्या भिंतींना एकत्र धरणारा सलग पट्टा बांधा. यात पर्याय नाही.

हे वाचून घाबरलात? घाबरू नका. दीड फूट जाडीची मातीची भिंत जळगावच्या मे महिन्यात दुपारचं ऊन रात्रीपर्यंत अडवून धरते. तिचा आतून गार हात लागला की सगळी मेहनत सार्थ वाटते, मला आजही वाटते.

लोकांच्या घरांचं काम करणार असाल तर मारुतीच्या पारावरच्या बैठकीवर विसंबू नका. तिथे पुरुष बोलतात आणि सारवण बायका करतात. पावसाळ्यानंतर लिंपण दुरुस्तीला येतं, नेमकी तेव्हाच कापूस वेचणी असते. मला हे मामींनी सांगितलं, कुठल्याच व्याख्यात्याने नाही. तेव्हापासून मी वळचण तीन फुटांपेक्षा कमी ठेवत नाही आणि खालचे दोन फूट दगडात घेते. घरकुलाच्या कामात आकडे पाठ ठेवा: केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेचं सपाट भागातलं अनुदान १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटर. हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात, म्हणून मातीची भिंत मान्य होईल का हे अभियंत्याकडून पाया खणण्याआधी लेखी घ्या. आणि मुलीच्या स्थळासाठी स्लॅबच हवा म्हणणाऱ्या आईला व्याख्यान देऊ नका. तिची काळजी खरी आहे.

गुरू निवडताना माझा एकच निकष आहे: त्याचं पाच पावसाळे खाल्लेलं घर दाखवायला सांगा. प्रमाणपत्र, व्हिडिओ, सुंदर फोटो हे सगळं नंतर. कमी खर्चाची घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात नावारूपाला आले, पण त्याआधी दीड दशक हिमालयातल्या पिथोरागडच्या डोंगरात तिथल्या लोकांच्या घरांकडून शिकत होते. त्यांची केरळातली भिंत उचलून रावेरला आणू नका, त्यांची शिकायची रीत आणा.

पहिली तीन वर्षं पैसा कमी मिळेल. मी सकाळी जळगावात एका ऑफिसात ड्रॉइंग काढायचे आणि शनिवार-रविवार साइटवर जायचे. यात कमीपणा नाही.

मामांची दुसरी भिंत आता सहावा पावसाळा बघेल. पायथ्याशी एक बारीक भेग आहे, तिच्यावर मी पेन्सिलीने तारीख लिहून काचेची पट्टी चिकटवली आहे; भेग वाढली तर पट्टी तडकेल. पट्टी अजून तडकलेली नाही. परवा जाऊन पुन्हा बघणार आहे.