जुनी युद्धपोस्टरं घेताना, वाचताना, जपताना: या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी नव्हे, तर मागे घरी राहिलेल्यांसाठी छापलेली पोस्टरं मी गेली बारा वर्षं जमवतोय. परसात भाजी लावा, जपून बोला, फाटलेलं शिवून वापरा, असं सांगणारी. बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतली. नव्याने जमवू लागलेले लोक मला फोटो पाठवतात, तेव्हा त्याच त्या चुका दिसतात. सगळ्यात महागात पडणारी आधी सांगतो, कारण ती माझ्याही पोस्टरच्या वाट्याला आली.

खालची कड कापू देऊ नका

१९४२ सालचं एक अमेरिकन पोस्टर मी फ्रेम करायला दिलं. परत आलं तेव्हा खालची अर्ध्या इंचाची पांढरी पट्टी गेलेली. "फ्रेममध्ये बसत नव्हतं, आणि तिथे काही नव्हतंच," असं उत्तर मिळालं. सगळं तिथेच होतं! अमेरिकन सरकारी पोस्टरवर सरकारी मुद्रणालयाचं नाव, साल आणि छपाईचा क्रमांक त्या पट्टीतच बारीक अक्षरांत असतो. ब्रिटिश पोस्टरवर पुष्कळदा 'एच. एम. स्टेशनरी ऑफिस'साठी, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या छपाई खात्यासाठी, ते कुणी छापलं, हे तिथे सापडतं. पट्टी गेली की पोस्टरचा जन्मदाखलाच गेला. फ्रेमवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही, पावतीवर लिहून घ्या.

ही कड किती बोलते ते पाहा. लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी ती बाई, 'वी कॅन डू इट!', तुम्ही कपांवर आणि टी-शर्टांवर पाहिलीच असेल. 'या पोस्टरनं अमेरिकेतल्या बायकांना कारखान्यांत बोलावलं' असं सर्रास लिहिलं जातं. पण पोस्टरच्या तळाशी स्पष्ट छापलंय, १५ ते २८ फेब्रुवारी लावावे. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी केलं आणि १९४३ मध्ये ते कंपनीच्याच कारखान्यांत, आधीपासून कामावर असलेल्यांसमोर, दोन आठवडे लागलं. तिच्या कॉलरवरचा गोल बिल्लाही कंपनीचाच. युद्धकाळात कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना 'रोझी' हे लाडकं नाव पडलं होतं, पण त्या काळी हिला कुणी 'रोझी' म्हणत नव्हतं. नॉर्मन रॉकवेल यांची रोझी वेगळी, ती मे १९४३ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली. मिलर यांचं चित्र घरोघरी पोचलं ते १९८० नंतर.

'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा, काम चालू ठेवा) या ब्रिटिश पोस्टरचंही तसंच. बॉम्ब पडत असताना लंडनकरांना त्यानं धीर दिला, ही समजूत चुकीची आहे. १९३९ मध्ये सुमारे २४.५ लाख प्रती छापल्या, पण त्या मोठ्या संकटासाठी राखून ठेवल्या आणि पुढे बहुतेक रद्दीत गेल्या. २००० साली इंग्लंडमधल्या ॲनिक गावी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत निघाली, तेव्हा जगाला ते कळलं. म्हणून कुणी स्वस्तात 'अस्सल' प्रत देऊ लागलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

भिंगाखाली ठिपके दिसले की लोक लगेच 'नकली' ठरवतात. घाई करू नका. त्या काळच्या ऑफसेट छपाईतही ठिपके असायचेच. ते ओळीत, ठरावीक अंतरावर असतात. आजच्या इंकजेटचे शिंतोडे मात्र अस्ताव्यस्त उडालेले दिसतात. घड्यांनाही घाबरू नका. अमेरिकेत ही पोस्टरं घडी घालून टपालानं जात, त्यामुळे जुन्या घडीची रेघ असणं स्वाभाविक आहे.

चित्रातला मजकूर खरा मानणं ही निराळीच चूक. ब्रिटनच्या अन्न खात्यानं लोकांना सांगितलं, गाजर खा, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीनं दिवे बंद असताना, दिसेल. रात्री शत्रूची विमानं पाडणाऱ्या वैमानिकांच्या नजरेचं श्रेयही गाजरांना दिलं गेलं. त्यांच्या विमानात रडार होतं, हे गुपित राहिलं. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण पोटभर खाणाऱ्याला आणखी गाजरं खाऊन अंधारात दिसू लागत नाही. 'गाजर खा, चष्मा लागणार नाही' हे आपल्याकडच्या आज्याही सांगत आल्या, म्हणून हे पोस्टर मला फार जवळचं वाटतं.

आणि रिकामी जागा वाया गेली असं समजू नका. फुगास या चित्रकाराच्या १९४० च्या 'केअरलेस टॉक' (बेसावध बोलणं) मालिकेत बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत, मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा हवाईदलप्रमुख गोरिंग कान देऊन बसलेत. भोवती बरीच जागा कोरी सोडलेली आहे, त्यामुळे नजर थेट त्या चौघांवर जाते. तो कोरेपणा 'मळका दिसतो' म्हणून माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकणारे मी पाहिलेत.

पावसाळ्यात काय कराल

हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आपोआप पिवळा आणि ठिसूळ होणारा. लॅमिनेशन, चिकटपट्टी, बोर्डावर गोंदानं डकवणं, तिन्ही टाळा. एकदा चिकटलं की सुटत नाही. आम्लविरहित माउंट मागा, पोस्टर त्याला धरून राहावं म्हणून जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावून घ्या, आणि काच कागदाला टेकू देऊ नका. पुण्या-मुंबईत पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर पोस्टर लावलंत, तर ओल मागून येते.

बुरशीचे ठिपके दिसलेच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, उन्हातही टाकू नका. फ्रेम उघडा, सावलीत वारं लागेल अशा जागी कागद पूर्ण कोरडा होऊ द्या, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं अलगद झाडा. जुनी चिकटपट्टी आधीपासून असेल, तर ती ओढू नका. कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे तशीच घेऊन जा.